डॉ. थॉमस यांची माघार

1957 साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची हकिगत छापून आली. सहाही रुग्ण असाध्य व्याधींनी ग्रासलेले होते. किरणांचा व औषधांचा मारा करून त्यांच्या शिरेतून दुसऱ्या माणसाच्या हाडांतील मज्जा सोडण्यात आली होती. सहांपैकी दोघांच्या देहात ती परकी मज्जा थोडे दिवस रुजल्यासारखी दिसली व पुन्हा नाहीशी झाली. शंभर दिवसांच्या पलीकडे त्यांपैकी एकही जगला नाही.

मित्रहो, वैद्यकाच्या इतिहासात यशाच्या कथा पुष्कळ आहेत व त्या शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून आपण वाचलेल्या असतात. आज मी आपणांपुढे मांडणार आहे ती कथा अपयशाच्या या निबंधापासून सुरू होते. तो लिहिणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. एडवर्ड डॉनल थॉमस. याच गृहस्थांना पुढे 33 वर्षांनी, म्हणजे 1990 साली, याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या 33 वर्षांत काय घडले, हा आजचा विषय आहे. त्यातही 1960 नंतरची जी काही वर्षे त्यांनी माणसावरील प्रयोग जवळजवळ बाजूला ठेवले, त्या वर्षांकडे मी आपले लक्ष विशेष वेधणार आहे.

मी वैद्य नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांतून. रुग्णालयांतील आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्या संघटनेचे काम करता करता या विषयाची गोडी लागली. तेव्हा शास्त्रातील बारकावे मी सांगेन ते माझ्यासारख्याला उमगले तेवढेच. तथापि लढाई कशी लढावी याविषयी दोन शब्द बोलण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रथम मज्जा म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी जे सामिष आहार घेतात त्यांना मटणाच्या रश्शातील नळी ठाऊक असेल. ती फोडली म्हणजे आत मऊ गर निघतो. माणसाच्याही हाडांच्या पोकळीत असा गर असतो. कमरेचे हाड, छातीचे हाड, मणके यांत तो तांबडा व सतत कामात गुंतलेला असतो. हा आपल्या देहातील रक्ताचा कारखाना होय. या कारखान्यात सुट्टी नाही. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे, रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटांचे आठदहा दिवसांचे, आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशींचे तर काही तासांचे किंवा दिवसांचेच. म्हणजे जुना माल रोज मोडीत निघतो आणि नवा रोज घडवावा लागतो. हे सारे घडविणाऱ्या मूळच्या पेशी संख्येने फार थोड्या असतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. त्या स्वतःसारख्या नव्या मूळपेशीही निर्माण करतात आणि रक्तातील सर्व जातींच्या पेशीही. टोरांटोच्या टिल व मॅकलॉक या जोडीने 1961 साली उंदरांवरील प्रयोगांनी अशा पेशींच्या अस्तित्वाचा पुरावा दिला.

या कारखान्यात बिघाड झाला म्हणजे काय होते? कधी तो बंदच पडतो. कधी त्यातून बिनकामाच्या, अपक्व पांढऱ्या पेशींचा लोंढा सुरू होतो व चांगल्या मालाला जागाच उरत नाही. हा रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. कधी, थॅलॅसेमियासारख्या व्याधीत, तांबड्या पेशीच जन्मतः सदोष निघतात व त्या मुलाला आयुष्यभर दुसऱ्याच्या रक्तावर जगावे लागते. अशा वेळी मनात सहज येते, की नासलेला कारखाना पाडून टाकावा आणि त्या जागी दुसऱ्याचा चांगला कारखाना आणून बसवावा. कल्पना इतकी सरळ आहे. ती अमलात आणण्यात मात्र एका पिढीचे आयुष्य खर्ची पडले.

ही कल्पना शास्त्रज्ञांच्या डोक्यात पक्की बसण्याचे कारण मोठे विदारक आहे. ऑगस्ट 1945 मध्ये हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांवर अणुबाँब पडले. स्फोटातून व आगीतून जे वाचले त्यांतील अनेकजण पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव व जंतुसंसर्ग होऊन मरण पावले, कारण किरणांनी त्यांची मज्जा जळून गेली होती. यावर इलाज काय, याचा शोध सुरू झाला. 1949 साली शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी दाखविले, की उंदराच्या प्लीहेवर शिशाचे आच्छादन घालून त्याला प्राणघातक किरण दिले तरी तो जगतो. 1951 साली लोरेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दुसऱ्या जनावराची मज्जा टोचली तरी किरणांनी मरू घातलेले जनावर वाचते. त्या मज्जेतील एखादा रस हे काम करतो की त्यातील जिवंत पेशी, यावर काही वर्षे वाद चालला. 1956 च्या सुमारास निकाल पेशींच्या बाजूने लागला. त्याच वर्षी इंग्लंडमधील बार्न्स व लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरण देऊन वर निरोगी मज्जा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसे मारण्यासाठी घडविलेल्या शक्तीतून माणसे जगविण्याची विद्या निघाली. परंतु त्यासाठी त्या दोन शहरांनी दिलेली किंमत आपण विसरता कामा नये.

आता थॉमस यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म 15 मार्च 1920 रोजी टेक्सास प्रांतातील मार्ट या लहानशा गावी झाला. वडील गावचे डॉक्टर, घोडागाडीतून रुग्णांकडे जाण्याच्या काळापासून व्यवसाय करणारे. मुलगा जन्मला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्यांच्याबरोबर घरोघर हिंडताना रुग्णसेवा म्हणजे काय ते मुलाने पाहिले. महामंदीचे दिवस होते. मिळेल ते किरकोळ काम करीत त्याने ऑस्टिनच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला. तेथेच डॉरथी मार्टिन या वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थिनीशी परिचय झाला. ऑस्टिनमध्ये क्वचितच पडणारे बर्फ पडले असता तिने याच्यावर बर्फाचा गोळा मारला, हा त्या परिचयाचा आरंभ. 1942 साली दोघे विवाहबद्ध झाली. पती हार्वर्डला वैद्यक शिकू लागला तेव्हा पत्नीने आपली वाट बदलली आणि रक्ततपासणीचे तांत्रिक शिक्षण घेतले, की जेणेकरून दोघांना एकत्र काम करता यावे. ते काम पुढे अर्ध्या शतकाहून अधिक चालले. प्रयोगशाळेतील नमुने, हिशेब, अनुदानाचे अर्ज आणि प्रत्येक निबंधाचे संपादन हे सारे तिच्या हातून गेले. तिला या शास्त्राची माता म्हणतात ते उगाच नव्हे.

1946 साली पदवी घेऊन थॉमस बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात दाखल झाले. बोस्टन शहर त्या काळी नव्या विचारांनी गजबजलेले होते. 1948 साली सिडनी फार्बर यांनी तेथे अमिनॉप्टेरिन या औषधाने ल्युकेमियाग्रस्त मुलांत रोगाला तात्पुरती का होईना ओहोटी लावली. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत ज्या संशोधक मंडळींनी सिद्ध केले त्यांचे नेते आपल्या आंध्रातील डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच घराण्यातील मेथोट्रेक्सेट हे औषधही त्याच प्रयोगशाळेतले. त्याचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. 23 डिसेंबर 1954 रोजी त्याच ब्रिगम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसविले. 1990 चे नोबेल पारितोषिक थॉमस व मरे या दोघांना विभागून मिळाले, हा योगायोग मोठा गोड म्हटला पाहिजे.

1955 साली थॉमस न्यू यॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या खेडेवजा गावातील मेरी इमोजेन बॅसेट रुग्णालयात गेले. तेथे जोसेफ फेरेबी हे ज्येष्ठ सहकारी लाभले. आरंभी सांगितलेली सहा रुग्णांची हकिगत या गावातली. त्या अपयशात एकच गोष्ट पदरात पडली. माणसाची मज्जा काढावी, साठवावी व दुसऱ्याच्या शिरेतून द्यावी, तर एरवी त्याने अपाय होत नाही. शस्त्रक्रियेची यात गरजच नाही. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घ्यावयाची आणि रक्ताच्या बाटलीप्रमाणे रुग्णाला लावावयाची. त्या पेशी रक्तप्रवाहातून आपले घर शोधीत बरोबर हाडांत जाऊन बसतात. दात्याची तूट काही आठवड्यांत भरून निघते.

1959 साली थॉमस यांनी ज्यांना एकबीज जुळे भावंड होते अशा ल्युकेमियाच्या रुग्णांना प्राणघातक मात्रेत किरण देऊन जुळ्याची मज्जा दिली. मज्जा रुजली, रक्त पुन्हा तयार होऊ लागले, रोग दिसेनासा झाला. काही महिन्यांनी तो परतला व रुग्ण गेले. यातून दोन धडे मिळाले. एक असा, की मज्जा जुळत असेल तर माणसातही कारखाना नव्याने उभारता येतो. दुसरा असा, की एकट्या किरणांनी रोगाचा समूळ नायनाट होत नाही.

परंतु जुळे भावंड किती जणांना असते? इतरांच्या बाबतीत दोन संकटे उभी राहात. रुग्णाचा देह परक्या मज्जेला हुसकून लावी, हे पहिले. दुसरे अधिक भयंकर. मज्जा रुजली, तर तिच्याबरोबर आलेल्या दात्याच्या झुंजार पेशी रुग्णाच्या देहालाच परके समजून त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडत. घरात घेतलेल्या पाहुण्याने यजमानालाच घराबाहेर काढावे, तसा हा प्रकार.

ऑक्टोबर 1958 मध्ये युगोस्लाव्हियातील व्हिंचा येथील अणुभट्टीवर अपघात होऊन सहा तरुण किरणांच्या तडाख्यात सापडले. त्यांना पॅरिसला नेण्यात आले. डॉ. जॉर्ज मॅथे यांनी त्यांतील पाच जणांना मज्जा दिली, आणि ती देण्यास फ्रेंच नागरिक आपखुशीने पुढे आले. दात्याला काही इजा होते की काय हे तेव्हा निश्चित माहीत नव्हते, शिवाय रुग्ण परक्या देशाचे. तरी ते आले. पाचांपैकी एक दगावला, चौघे वाचले. ते मज्जेमुळे वाचले की त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा सावरली, यावर नंतर वाद झाला. त्या दात्यांच्या माणुसकीविषयी मात्र वाद संभवत नाही.

या बातमीने जगभर उत्साह संचारला आणि ठिकठिकाणी मज्जारोपणे होऊ लागली. परिणाम दारुण झाला. 1970 साली मॉर्टिमर बोर्टिन यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या सुमारे 200 रोपणांची यादी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक रुग्ण मरण पावलेले आढळले. माणसामाणसांमधील ही भिंत कधीच ओलांडता येणार नाही, असे जाणकार म्हणू लागले. बहुतेकांनी हा मार्ग सोडून दिला.

थॉमस यांनी काय केले? त्यांनीही माणसांवरील प्रयोग आवरते घेतले. पण ते गेले कुत्र्यांच्या प्रयोगशाळेत. येथे मला थोडे थांबावेसे वाटते.

कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला ठाऊक असते, की माघार घेणारा पुढारी आणि पळ काढणारा पुढारी हे दोघे एकाच दिशेने चालत असतात. गेटवर उभ्या असलेल्या कामगाराला त्या घडीला दोघांत काही फरक दिसत नाही. तो दोघांनाही सारख्याच शिव्या देतो. फरक पुढे कळतो. पळणारा आपली माणसे व आपले हिशेब रस्त्यात टाकून जातो. माघार घेणारा मागे जाता जाता मोजदाद करतो, की आपण कोठे कमी पडलो, समोरच्याचे बळ कशात आहे, पुन्हा यावयाचे तर काय बरोबर आणावे लागेल. आणि तिसरा एक प्रकार असतो, तो सर्वांत धोक्याचा. तो हट्टाने जागेवर उभा राहतो व दुसऱ्यांची घरे बुडवितो. त्या सुमारे 200 रोपणांतून काही कळत नसताना आणखी 200 करीत राहणे हा हट्ट झाला असता, आणि त्याची किंमत मोजली असती रुग्णांनी.

थॉमस यांची मोजदाद अशी होती. उंदरांवरचे यश फसवे होते, कारण प्रयोगशाळेतील उंदीर एकाच साच्यातून काढलेले, एकमेकांची जणू प्रतिकृती असतात. कुत्रे मात्र माणसासारखे नाना जातींचे व नाना कुळांचे; शिवाय एका विणीची अनेक भावंडे मिळतात. कूपर्सटाउनमध्येच त्यांना आढळले होते, की किरण दिलेल्या बहुतेक कुत्र्यांत परकी मज्जा अपेशी ठरते; पण एका विणीच्या भावंडांत अधूनमधून एखादा कुत्रा चांगला दीर्घकाळ जगतो. तो का जगतो? इतरांच्या नजरेतून तो अपवाद सुटला असता. थॉमस यांनी त्या अपवादालाच धरून ठेवले.

1963 साली ते पत्नीसह सिअ‍ॅटलला आले. वॉशिंग्टन विद्यापीठातर्फे तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेच्या सरकारी रुग्णालयात त्यांचे काम सुरू झाले. 1965 साली जर्मनीहून रायनर स्टॉर्ब हे तरुण डॉक्टर आले. रॉबर्ट एप्स्टाइन, डीन बकनर आणि इतर मंडळी जमली. दरम्यान पॅरिसमध्ये जाँ दॉसे यांनी 1958 साली माणसाच्या पांढऱ्या पेशींवरील ओळखखुणांपैकी पहिली शोधली होती. माणसांच्या रक्ताचे जसे गट, तशा या खुणा; फक्त त्या संख्येने कितीतरी अधिक व वाटेल तशा मिसळलेल्या. अशाच खुणा कुत्र्यांत शोधण्याचे काम सिअ‍ॅटलच्या मंडळींनी केले. ज्या भावंडांच्या खुणा जुळतात त्यांची मज्जा द्यावी आणि वर मेथोट्रेक्सेट हे औषध मोजून द्यावे, म्हणजे पाहुण्या पेशींचा यजमानावरील हल्ला आवरतो, हे 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. अपवाद म्हणून जगणारा कुत्रा आता नियम म्हणून जगू लागला. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतील औषध हे असे कामी आले. या कामात कितीतरी मुकी जनावरे मेली, हेही सांगितले पाहिजे; आज हजारो मुले हिंडती-फिरती आहेत त्यांत त्यांचाही वाटा आहे.

त्याच सुमारास, 1968 साली, मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका बालकाला बहिणीची मज्जा देऊन वाचविले. आणि मार्च 1969 मध्ये सिअ‍ॅटलच्या तुकडीने ल्युकेमियाच्या रुग्णाला जुळत्या भावंडाची मज्जा दिली. माघार संपली होती. मज्जा रुजली, तथापि तो रुग्णही पुढे संसर्गाने गेला. या वेळी मात्र थांबण्याचे कारण नव्हते, कारण काय चुकले ते आता कळत होते. संसर्गाला प्रतिजैविके होती, रक्तस्रावाला प्लेटलेट होते, आणि रुग्ण आठवडेच्या आठवडे एकांत खोलीत असताना त्याच्याजवळ थांबणाऱ्या अनुभवी परिचारिका होत्या. जो मनुष्य साध्या पडशाने मरू शकतो त्याची चादर बदलणे, तोंड धुणे, ताप पाहणे या गोष्टी तेथे औषधाइतक्याच मोलाच्या असतात. हे काम एकट्याच्या कर्तबगारीचे नव्हे, असे थॉमस नेहमी म्हणत आले.

1975 साली फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्र उघडले व ही मंडळी तेथे गेली. 1977 साली त्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या 100 रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. हे 100 जण असे, की ज्यांच्यावरचे इतर सर्व उपाय संपले होते. त्यांतील 13 जण एक ते साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त होते. शंभरांत तेरा! कोणी म्हणेल, ही काय फुशारकी? परंतु शंभरांत शून्य जेथे निश्चित होते तेथे तेरा हा आकडा फार मोठा आहे. त्यातून पुढचा प्रश्न सरळ निघाला. रुग्ण अगदी खचून गेल्यावर रोपण का करावे? औषधांनी रोग पहिल्यांदा आटोक्यात येतो तेव्हाच का करू नये? 1979 साली त्यांनी तसे केलेल्या रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक बरे राहिले होते.

याच वर्षी आणखी एक नवल उघडकीस आले. ज्या रुग्णांत पाहुण्या पेशी यजमानावर हल्ला करतात त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे जी आपण केवळ पीडा समजत होतो ती उरलेसुरले रोगी पेशीही टिपून काढीत होती. जुळ्याची मज्जा मिळालेले रुग्ण पूर्वी का दगावले, त्याचाही उलगडा यात थोडासा झाला. तेव्हापासून हा हल्ला पुरता मोडून काढावयाचा नसून मुठीत ठेवावयाचा, हे धोरण ठरले. 1986 साली स्टॉर्ब यांनी मेथोट्रेक्सेटच्या जोडीला सायक्लोस्पोरिन देण्याची पद्धत तावून-सुलाखून पुढे आणली. डिसेंबर 1981 मध्ये सिअ‍ॅटललाच थॅलॅसेमियाच्या एका 14 महिन्यांच्या बालकाला मज्जा देऊन त्याची रक्त चढविण्याच्या फेऱ्यांतून सुटका करण्यात आली.

हे चित्र सर्वस्वी उजळ आहे असे मी म्हणणार नाही. 1981 ते 1993 या काळात या केंद्रात एक प्रयोग झाला. दात्याच्या मज्जेतील झुंजार पेशी आधीच गाळून टाकल्या तर हल्ला होणार नाही, ही त्यामागील कल्पना. हल्ला कमी झाला, पण मज्जा न रुजणे व रोग परतणे यांचे प्रमाण वाढले. 2001 साली सिअ‍ॅटलच्या एका वृत्तपत्राने आरोप केला, की रुग्णांना या धोक्यांची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती व काही डॉक्टरांचे आर्थिक हितसंबंधही त्यात गुंतले होते. केंद्राने आरोप नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2004 साली ज्यूरीने मुख्य आरोपांतून केंद्राला मोकळे केले. निकाल काहीही असो, प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्याच्या देहावर प्रयोग होतो त्याला सारे काही समजेल अशा भाषेत सांगितलेच पाहिजे. करारावर अंगठा घेणे आणि संमती घेणे यांतला फरक आम्हां कामगारांना चांगला ठाऊक आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. सुरेश अडवाणी यांनी सिअ‍ॅटलला जाऊन ही विद्या शिकून घेतली. लहानपणीच पोलिओ झाल्याने ते चाकांच्या खुर्चीतून वावरत. 1983 साली त्यांनी भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. त्या काळचे परळ डोळ्यांपुढे आणा. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा संप सुरू होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरलेले. चिमण्यांचा धूर थांबलेला, चाळींतून भांडीकुंडी विकली जात होती, माणसे गावाकडे परतत होती. त्या संपातून माघार केव्हा व कशी घ्यावी हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही, याचे शल्य गिरणगावाने पुढे कितीतरी वर्षे वागविले. त्याच परळात, त्याच दिवसांत, ज्या विद्येने योग्य वेळी माघार घेऊन पुन्हा उभे राहण्याचे धैर्य दाखविले होते, ती विद्या एका रुग्णालयात पहिले पाऊल टाकीत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही हे मी जाणतो. परंतु इतिहासाचे वाचन करणाऱ्याने शेजारी-शेजारी घडलेल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, त्यातून आपल्या कामापुरते काही शिकावे.

थॉमस 20 ऑक्टोबर 2012 रोजी वयाच्या 92 व्या वर्षी निवर्तले. डॉरथीबाई जानेवारी 2015 मध्ये गेल्या. 2012 साल संपता संपता जगातील एकूण रोपणांची संख्या दहा लाखांवर पोहोचल्याची नोंद झाली. आता बहुधा कमरेच्या हाडातून मज्जा ओढावीही लागत नाही. औषध देऊन मूळपेशी रक्तात उतरवितात व तेथून वेगळ्या करतात. नाळेच्या रक्तातूनही त्या मिळतात. अर्धवट जुळणाऱ्या आईबापांच्या पेशीही चालविण्याची युक्ती साधली आहे.

तरी दोन गोष्टी उरतात, आणि त्या शास्त्रज्ञांच्या हातच्या नाहीत. पहिली दात्याची. सख्ख्या भावंडाच्या खुणा पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. पूर्वी घरात पाचसहा भावंडे असत. आज एक किंवा दोन. म्हणून परक्या दात्यांच्या नोंदवह्या लागतात. सिअ‍ॅटललाच 1979 साली एका ल्युकेमियाग्रस्त मुलीला नात्यात नसलेल्या दात्याची मज्जा देण्यात आली, आणि तिच्या वडिलांसारख्या लोकांच्या खटपटीतून 1986 साली अमेरिकेत अशी राष्ट्रीय नोंदवही उभी राहिली. आज जगात चार कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदविली आहेत. भारतात मात्र हा आकडा अजून काही लाखांतच आहे. आपल्या रुग्णाला जुळणारा माणूस सापडण्याचा संभव आपल्यातच अधिक, आणि नाव नोंदविण्यास लागतो तो गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा बोळा.

दुसरी गोष्ट पैशाची. या उपचाराचा खर्च आपल्याकडे काही लाखांच्या घरात जातो. पगारदार माणसाचे घर त्यात विकले जाते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला विकण्यासारखे घरही नसते. कोल इंडियाने 2017 पासून थॅलॅसेमियाग्रस्त मुलांच्या रोपणास प्रत्येकी 10 लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना चालविली आहे. खाणीत कोळसा फोडणाऱ्यांच्या घामाचा पैसा कोणा अनोळखी मुलाच्या हाडांत नवे रक्त होऊन वाहतो, हे मला फार मोलाचे वाटते. अशा योजना वाढवून घेणे हे संघटनांचे, पालिकांचे आणि आपणा सर्वांचे काम आहे. त्यासाठी अर्ज करावे लागतील, मोर्चे काढावे लागतील, काही वेळा हात हलवीत परतावेही लागेल. परतताना मोजदाद करून परतावे, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.